तिच्या नावावर माझी जाहिरात

सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्याही आधी, मी फोन हातात घ्यायची आणि गुगलवर शर्वरीचं नाव टाकायची. 'शर्वरी अलंकार, कराड.' पान उघडलं की सगळ्यात वर माझी जाहिरात: 'कुंदा खाडिलकर, हलव्याचे दागिने, पंचवीस वर्षांचा अनुभव.' आणि तिच्या खाली, बोटभर खाली, शर्वरी. ते बोटभर अंतर बघून मला जो काही आनंद व्हायचा ना, तो सांगायची आता लाज वाटते, पण सांगते. मग मी माझ्याच जाहिरातीवर बोट टेकवायची, माझंच पान उघडायची, माझेच फोटो डोळे भरून बघायची, आणि मग तोंड धुवायला जायची.

सुरुवात झाली ती त्याच्या नऊ वर्षं आधी. शर्वरी टिकेकर ही माझीच शिष्या. लग्न होऊन कराडला आली ती आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात. दुपारी वेळ जाईना म्हणून माझ्याकडे येऊन बसायची. तिला पाक कशाशी खातात ते कळत नव्हतं, सगळं मी शिकवलं, असं मी लोकांना सांगायची. ते खोटं आहे. तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. शेगडीवर परात ठेवायची, तिळावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत बसायचं, तासन् तास. माझ्या हलव्याला काटा फुटायला तिसरा दिवस उजाडायचा. तिच्या हलव्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोही असा पांढराशुभ्र आणि टोकदार, की बघत राहावं. मी म्हणायची, "हवा कोरडी आहे यंदा, म्हणून." हवा तर दोघींना एकच होती.

सहा वर्षं माझ्या हाताखाली काढून तिने स्वतःचं सुरू केलं. रीतसर पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला, विचारलं, "कुंदाताई, करू का?" मी म्हटलं, "कर की." तोंडाने म्हटलं. पोटात काय होतं ते माझं मला माहीत.

आणि मग दोन वर्षांत बाईने मला पार मागे टाकलं. मलकापूरला मोठा ब्लॉक घेतला, दोन बायका कामाला ठेवल्या, आणि नव्या नवरीचा पहिला सण असो की बाळाचं बोरन्हाण, साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे लोक तिच्याकडे. का? तर गुगलवर शोधलं की ती पहिली येते म्हणून. माझे एका संक्रांतीला नव्वद सेट जायचे, ते चाळिसावर आले. त्या डिसेंबरात मी आमच्या ह्यांना सांगून टाकलं, "यंदा साठ सेट झाले नाहीत तर परात माळ्यावर टाकते. पुरे झालं." हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बरं." पंचवीस वर्षांच्या कामाला एवढंच, बरं. मला ते असं झोंबलं की त्याच क्षणी ठरवलं, साठ करून दाखवायचे.

व्यापारी संघाच्या हॉलमध्ये तेव्हा दोन दिवसांचा वर्ग लागला होता, गुगलवर जाहिरात कशी करावी याचा. शिकवायला मोहिते नावाचे सर, तिशीचे असतील, बोलणं अगदी मऊ. वर्गात मी एकटी बाई. बाकी टायरवाले, दातांचे डॉक्टर, बोअर मारून देणारे. मी दोनशे पानी वही घेऊन पुढच्या बाकावर बसले आणि शब्द न् शब्द उतरवला. सर सांगायचे ते डोक्यात लख्ख बसायचं. लोक जे शब्द टाईप करतात ते शब्द आपण धरायचे. 'हलवा' एवढाच शब्द धरला तर गाजरहलवावाले येतील, म्हणून 'हलव्याचे दागिने' असं पूर्ण धरा. 'रेसिपी', 'कसे करावे', 'फोटो' हे शब्द आधीच वगळून टाका, कारण ज्याला घरी करायचंय तो विकत घेणार नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणारे निम्मे असतात, त्यांचीही स्पेलिंगं घाला. बोरन्हाणाची जाहिरात वेगळी, नवरीची वेगळी. फोन उचलायला तुम्ही मोकळ्या असाल त्याच वेळात जाहिरात दाखवा. रोजची रक्कम ठरवून द्या, ती संपली की त्या दिवसापुरती जाहिरात बंद. आणि आपली जाहिरात आपणच शोधून तिच्यावर बोट दाबत बसू नका, दर बोटाला आपलेच पैसे जातात. बघायचीच असेल तर जाहिरातीच्या खात्यात नुसती बघायची सोय आहे, ती वापरा.

हे शेवटचंही मी वहीत लिहिलंय. खाली दोन रेघा मारून.

दुसऱ्या दिवशी सगळे चहाला उठले तेव्हा मी सरांना हळूच विचारलं, की दुसऱ्या कुणाचं नाव शब्द म्हणून धरता येतं का. म्हणजे लोक तिला शोधतील आणि दिसू आपण. सर म्हणाले, धरता येतं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण मी नको म्हणेन, मॅडम. तिचं नाव टाकणारा माणूस तिच्याकडेच निघालेला असतो. त्याला मधे अडवून फार काही हाती लागत नाही."

मी मान डोलावली. घरी आले आणि पहिला शब्द धरला तो शर्वरीचा.

तर असे दिवस सुरू झाले. सकाळचं ते एकदा बघणं हळूहळू तीनदा झालं, चारदा झालं. भाजी फोडणीला टाकली की बघ, परात उतरवली की बघ. ह्यांच्या फोनवरून बघ, ते अंघोळीला गेले की. शालन म्हणून एक बाई माझ्याकडे दागिने ओवायला यायची, तिच्या फोनवरसुद्धा बघितलं. शालन म्हणाली, "ताई, वर तुम्हीच हायसा की. किती येळा बघताय?" मी म्हटलं, तू ओव.

आणि फोन यायला लागले. पहिला आला तेव्हा मी हरखून उचलला. पलीकडून एक बाई, "शर्वरीताई का?" मी खरं ते सांगितलं, की नाही, मी कुंदा खाडिलकर, मीही दागिने करते. "अय्या, सॉरी हं, मला शर्वरीताईच हव्या होत्या," म्हणाली आणि ठेवून दिला. तो 'च' मला दिवसभर टोचला. दुसरा फोन, तीच कथा. तिसऱ्या वेळी "शर्वरीताई का?" असं ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो, त्यांनी बंद केलं ते काम."

मी ठरवून बोलले नव्हते, शपथ. पण पलीकडची बाई म्हणाली, "हो का? अरेरे. मग तुम्ही करता का?" आणि मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळा सेट सांगून मोकळी झाली. फोन ठेवल्यावर मी आधी पेनचं टोपण लावून टाकलं. पण ऑर्डर वहीत लिहिली. चौथा फोन आला तेव्हा पेन उघडूनच बसले होते. पाचव्याला तर मी आवाजात थोडं दुःखही घातलं, की चांगलं करायची हो, पण काय झालं कोण जाणे. अकरा जणींना सांगितलं मी असं. त्यातल्या सात जणींनी माझ्याकडे सेट सांगितले. संक्रांतीला दहा दिवस होते आणि माझे छप्पन्न झाले होते.

त्याच आठवड्यात मोहिते सरांचा फोन आला. वर्गातल्या सगळ्यांच्या जाहिरातींचा हिशेब ते महिनाभर बघणार होते, फीमध्येच होतं ते. म्हणाले, मॅडम, एक गंमत दिसतेय. तुमची रोजची रक्कम सकाळी दहाच्या आत संपतेय. दहानंतर साधं 'हलव्याचे दागिने' शोधणाऱ्यालासुद्धा तुम्ही दिसत नाही. सगळी रक्कम त्या शर्वरी अलंकारवर चाललीय.

"बरेच लोक शोधत असतील तिला," मी म्हटलं.

"तेच बघतोय. तीन आठवड्यांत त्या नावावर आलेल्या तुमच्या जाहिरातीवर बोट पडलंय शहात्तर वेळा. फोन आलेत तेरा. मग उरलेले त्रेसष्ट लोक कोण?" सरांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. "मॅडम, तुम्ही स्वतः तर नाही ना दाबत?"

मी म्हटलं, छे हो.

सर फार सभ्य माणूस. म्हणाले, ठीक आहे, पण तो शब्द काढून टाका, उरलेले दिवस साध्या शब्दांवर द्या, अजून बरंच काम येईल. मी बघते म्हटलं आणि फोन ठेवला. शेगडीपुढे जाऊन बसले. त्रेसष्ट वेळा. माझी सख्खी बहीण मिरजेत राहते, तिला मी वर्षाकाठी चारदा फोन करत नाही. अख्ख्या कराडात शर्वरीचा एवढा ध्यास कुणाला असेल तर तो मला होता. तिच्या नवऱ्यालासुद्धा नसेल. एवढं कळलं, आणि तरी मी तो शब्द काढला नाही. कारण काढला असता तर ती वर गेली असती.

दोन दिवसांनी, म्हणजे संक्रांतीला आठ दिवस राहिलेले असताना, अठ्ठावन्न झाले. दोन कमी. सकाळी नऊच्या सुमारास मी बाजूबंद ओवत होते तर फोन वाजला. नंबर अनोळखी. बाईचा आवाज, वयस्क.

"शर्वरी आहे का?"

मला एव्हाना पाठ झालं होतं. "नाही हो. त्यांनी बंद केलं ते काम."

"बंद केलं? कधी?"

"झाला महिना. पण आमच्याकडे सगळं मिळेल तुम्हाला. नवरीला हवंय की बोरन्हाण आहे?"

 मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो केलं.

"पण तिला झालं काय? ऐन सीझनला बंद का केलं?" आवाज बारीक झाला होता. "मी आई बोलतेय तिची. नवीन फोन घेतलाय, जुने नंबर सगळे गेले. त्या माईकमध्ये तिचं नाव बोलले आणि पहिला नंबर आला तो दाबला." आणि मग, "कोण बोलतंय? कुंदा का गं तू?"

मी फोन कट केला.

देवरुखच्या सुलभाकाकू. शर्वरी माझ्याकडे शिकत होती त्या सहा वर्षांत दर थंडीत आठ दिवस लेकीकडे यायच्या आणि दुपारभर माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या. येताना माझ्यासाठी वेगळा आमसुलांचा पुडा आणायच्या. मला ताप आला होता एकदा, तेव्हा तीन दिवस माझ्या घरचं जेवण त्यांनी केलं होतं. आवाज त्यांनी ओळखला. मी नाही ओळखला. माझं सगळं लक्ष एकोणसाठाव्या सेटवर होतं.

फोन परत वाजला. मी बघत राहिले. थांबला. परत वाजला. त्यांच्याकडे लेकीचा नंबर नाही. लेकीचं काय झालं हे विचारायला त्यांना जगात एकच नंबर माहीत आहे, तो माझा. आणि ती एकटी बाई तिकडे देवरुखात काय काय मनात आणत बसली असेल. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी चपला घातल्या. शालनला म्हटलं, घर बघ.

मलकापूरला रिक्षाने गेले. वाटेत मनातल्या मनात दहा गोष्टी रचल्या. जाहिरातवाल्यांची चूक झाली म्हणेन. शालनने फोन उचलला म्हणेन. शर्वरीने दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की रचलेलं सगळं तिथंच गळालं.

"कुंदाताई, तुम्ही? या, या. किती दिवसांनी."

मी तिच्या हॉलमध्ये गेले. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आले होते तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर खोके, जमिनीवर खोके, दोन बायका मान खाली घालून ओवतायत. आज सोफा रिकामा होता. टेबलावर तीन सेट, झाकून ठेवलेले. बायका नव्हत्या. आणि खरं सांगते, लेकीच्या काळजीने एक आई तिकडे तळमळतेय हे ठाऊक असताना, तो रिकामा सोफा बघून मला एक क्षण बरं वाटलं. इतकी मी खाली गेले होते.

शर्वरी पाणी घेऊन आली. म्हणाली, यंदा काय झालंय काही कळत नाही. दरवर्षीची ठरलेली गिऱ्हाइकंसुद्धा फिरकली नाहीत. परवा बाजारात एक जण भेटली तर तिने विचारलं, तुम्ही बंद केलंत ना, सगळीकडे तेच बोलतायत? म्हणून दोघी बायकांना तिने काल घरी बसायला सांगितलं. "तुमच्याकडे कसं आहे? तुम्हालाही असंच का?" तिने विचारलं. माझ्याच काळजीने विचारलं.

माझ्या हातातला फोन वाजायला लागला. तोच नंबर. तिने बघितलं. "घ्या की, गिऱ्हाईक असेल."

"ही तुझी आई आहे," मी म्हटलं.

"आई? तुम्हाला कशाला लावेल?"

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या. नावावर जाहिरात लावली इथपासून काकूंना काय म्हणाले इथपर्यंत, काही न गाळता. मधेच केव्हा तरी फोन वाजायचा थांबला. शर्वरी खुर्चीच्या काठावर बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. रडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमचं नाव माझ्या नावावर दिसत होतं मला," ती म्हणाली. "बाजारातली ती बाई बोलली तेव्हाही डोक्यात आलं एकदा. म्हटलं, छे, कुंदाताई नाही करणार." आणि मग, "किती जणींना?"

"अकरा."

"ऑर्डरी किती घेतल्यात?"

"सात."

तिने पदर सोडला. मग म्हणाली, "आधी आईला लावा. तुम्हीच बोला. स्पीकरवर ठेवा."

काकूंनी पहिल्याच रिंगला उचलला. "कुंदा, काय झालंय माझ्या मुलीला? खरं सांग."

"काही झालेलं नाही, काकू. ती बरी आहे. काम चालू आहे तिचं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

काकूंनी एवढा मोठा श्वास सोडला की तो हॉलभर ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "का?"

एवढ्या दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी स्वतःलासुद्धा नाही.

"मला तिचा हेवा वाटतो, काकू," मी म्हणाले. "ती शिकायला आली तेव्हापासून वाटतो. ती माझ्यापेक्षा चांगलं करते. मला ते बघवत नाही. तिचं नाव वर आलेलं बघवत नाही, तिच्या घरात खोके बघवत नाहीत. रोज सकाळी उठून मी आधी तिला खाली ढकललंय का ते बघते आणि मग तोंड धुते."

 काकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे तिला सांगितलंस का?"

"ती समोरच बसलीय."

"दे तिच्याकडे."

शर्वरीने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, आई, मी अगदी बरी आहे, माझा नंबर लिहून घे आधी. एकेक आकडा दोनदा सांगितला. पेन सापडेपर्यंत थांबली. संध्याकाळी बोलते म्हणाली आणि ठेवला. मग माझ्याच फोनवर आलेल्या फोनांची यादी अंगठ्याने खाली खाली नेत तिने बघितली, ओठांतल्या ओठांत मोजलं. सात सेट गेले तर माझे एक्कावन्न राहणार होते. साठ आता होणार नव्हते, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मला सांगायचं तोंडही नव्हतं.

तिने फोन माझ्या हातात परत दिला.

"आता पुढचा नंबर लावा," शर्वरी म्हणाली. "अकराही जणींना, इथंच बसून. मी बंद केलेलं नाही हे सांगा. आणि तुम्ही तसं का म्हणालात, तेसुद्धा."